देवाचं पान

राजाजीनगरात मोठा रस्ता सोडून तिसऱ्या आडरस्त्याला वळलं की एक करंजाचं झाड लागतं. त्याच्या बुंध्यावर साऱ्या बेंगळूरमधल्या पीजींच्या जाहिराती लागलेल्या असतात: मुलांसाठी पीजी, मुलींसाठी पीजी, गरम पाण्यासकट, तीन वेळच्या जेवणासकट. झाडासमोर तीन पायऱ्या आणि पायऱ्या चढलं की महानंदाची खानावळ. जाहिराती लावणाऱ्यांना ती कितीतरी वर्षं कानीकपाळी ओरडून सांगते आहे की बाबांनो, झाडाला खिळे ठोकू नका, दोरीनं बांधा. ते 'सरी अक्का', म्हणजे बरं अक्का, म्हणतात आणि खिळे ठोकून जातात.

महानंदा मूळची निपाणीची. घरात मराठी आणि बाजारात कानडी, अशी दोन्ही भाषांत सारख्याच वेगानं भांडणारी बाई. नवरा मंजुनाथ चिक्कोडीकडचा, त्याच्या घरात कानडी. लग्नानंतर घरात कुठली भाषा चालवायची हा प्रश्न त्यांनी कधी सोडवलाच नाही. जेवणाखाणाचं बोलणं मराठीत, भांडण जो सुरू करेल त्याच्या भाषेत, आणि देवाशी ज्याचं त्यानं बोलावं, असं आपोआप ठरून गेलं. मुलगी अंजली दोन्हींत उत्तर देते, आणि फारच चिडली तर इंग्रजीत बोलते, म्हणजे आईला भांडण पुढे नेता येत नाही.

खानावळीत मिळतं ते तिकडचं जेवण. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, कांदा, आणि शेवटी ताक. बसायला सहा टेबलं. भाकऱ्या थापायला तानूबाई. ही तानूबाई नात्यानं महानंदाची कुणीच लागत नाही, पण निपाणीला एकाच गल्लीत राहायची, आणि एकटी पडल्यावर महानंदानं तिला इकडे आणली ती आणलीच. साठी कधीच ओलांडलेली, गुडघे पार गेलेले, हात मात्र अजून गड्याचे. त्या तीन पायऱ्या उतरणं तिला होत नाही, म्हणून ती मागच्या घरातून खानावळीत येते आणि खानावळीतून घरात जाते, आणि सबंध बेंगळूर तिला दारातून दिसतं तेवढंच ठाऊक आहे. तेवढं पुष्कळ झालं, असं तिचं मत. तिचा देवावर फारसा भरवसा नाही, तव्यावर आहे.

महानंदाचा मात्र देवावर आहे, आणि तो कसा आहे हे सांगायचं तर देवाच्या पानाची गोष्ट सांगावी लागते.

बावीस वर्षांपूर्वी मंजुनाथ जिथे लेथवर काम करायचा तो कारखाना बंद पडला. तेव्हा अंजली तिसरीत होती. महिनाभर नवरा घरात भिंतीकडे बघत बसलेला पाहिल्यावर महानंदा म्हणाली, मला भाकरी येते, आपण भाकरी करू. रस्त्याकडची खोली रिकामी केली, दोन टेबलं मांडली, आणि माहेरी आई पहिला घास देवापुढे ठेवायची त्या सवयीनं पहिलं पान दाराजवळच्या टेबलावर देवासाठी वाढलं. समोरच्या भिंतीवर ज्योतिबाचा फोटो. त्याला हात जोडून ती गिऱ्हाइकाची वाट बघत बसली. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले, कुणी फिरकलं नाही. भाकऱ्या पार चामडं झाल्या. अडीचच्या सुमारास एक माणूस पायऱ्या चढून आला, भिंतींना चुना लावून अंगभर चुना झालेला, आणि म्हणाला, अक्का, पैसे नाहीत, पण भूक लागली आहे. ती काही बोलायच्या आत तो दाराजवळच्या पानावर बसलासुद्धा. बसला आणि सगळं जेवला. चामडं झालेली भाकरी त्यानं ताकात भिजवून खाल्ली. मंजुनाथनं त्याला दुसऱ्यांदा ताक वाढलं, आणि महिन्याभरात पहिल्यांदा तो कुणाशी तरी हसून बोलला. दुसऱ्या दिवशी तो रंगारी आपल्याबरोबरचे सहा जण घेऊन आला.

महानंदानं यातून एकच अर्थ काढला. देवाचं पान वाढलं होतं, देव येऊन जेवून गेला. आता तो रोज येणार, तर पान रोज मांडायला हवं. तानूबाईनं तिला तेव्हाच सांगितलं होतं, की देव आला नव्हता, चुना लावणारा आला होता. महानंदा म्हणाली, मग देवानं काय सुटाबुटात यायचं?

तेव्हापासून नियम ठरले ते ठरले. सगळ्यांच्या आधी केळीच्या पानावर देवाचं जेवण वाढायचं, दाराजवळच्या टेबलावर. त्या पानावर कोण बसतं हे विचारायचं नाही, त्याचं बिल करायचं नाही. शेवटी ताक वाढायचं ते मंजुनाथनं, कारण पहिल्या दिवशी त्यानं वाढलं होतं. आणि तो पाहुणा जेवून उठेपर्यंत महानंदानं तोंडात घास घालायचा नाही. हा शेवटचा नियम तिनं स्वतःच स्वतःला लावून घेतला होता, आणि त्यापायी तिचं जेवण कधी एकला व्हायचं तर कधी चारला.

या पानावर कोण नाही जेवलं? चुकीच्या स्टॉपवर उतरलेली एक म्हातारी जेवली, फ्रिज दुरुस्त करायला आलेला माणूस जेवला, पालिकेचा एक साहेब स्वयंपाकघर तपासायला म्हणून आला आणि जेवून, चटणीची कृती लिहून घेऊन गेला. लॉकडाऊनमध्ये खानावळ बंद होती, तेव्हा ती पान मांडून दार तेवढं उघडं ठेवायची. रस्ता झाडणारी एक बाई रोज यायची, पायऱ्यांवर लांब बसून जेवायची. चुकून एखाद्या दिवशी दुपार कलली तरी कुणी आलं नाही, की तानूबाई खुशीत येऊन म्हणायची, आज देवाला दुसरीकडं आमंत्रण हाय वाटतं. आणि हमखास कुणीतरी पायरी चढायचं. पान कधी रिकामं उठलं नाही. बावीस वर्षांत एकदाही नाही.

महानंदाला याचा अभिमान होता, हे लपवण्यात काही अर्थ नाही. देवावर भरवसा ठेवावा तो असा, असं ती चारचौघींत सांगायचीसुद्धा. रोज पान मांडायचं, रोज तो येतो. ती फार सुखाची भक्ती होती.

मग या उन्हाळ्यात मंजुनाथच्या पोटात दुखायला लागलं, आणि डाव्या मूत्रपिंडावर गाठ निघाली. मोठी होती. मूत्रपिंडासकट काढावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. साखर आहे, हृदयही थोडं कमजोर आहे, तेव्हा धोका आहे, हेही ते म्हणाले, आणि कागदावर सही घेतली. महानंदानं सही केली. तिच्या सहीतला 'म' त्या दिवशी दोनदा आला.

ऑपरेशन गुरुवारी सकाळी आठला ठरलं. बुधवारी संध्याकाळी दवाखान्यात मंजुनाथनं तिला जवळ बोलावलं आणि सांगितलं की उद्या तू इकडं येऊ नको. आत एकालाच बसू देतात, अंजली बसेल. तू बाहेरच्या खुर्चीवर बसून दर पाच मिनिटांनी नर्सला विचारशील, आणि त्या नर्सचा हात थरथरला तर माझं काय होईल? ती रागावली. तो हसला, आणि मग जरा गंभीर होऊन त्याच्या त्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला, "तू पान मांड. मी आत असणार, तू पान मांडलेली असणार. मग मला भ्या नाही."

तिनं मान हलवली. चार वाजता भेटायची वेळ असते, तेव्हा येते म्हणाली.

आता इथे शुभंकरची ओळख करून दिली पाहिजे. शुभंकर पुण्याचा, वय सव्वीस, समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर खोली घेऊन राहतो आणि कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करतो. बेंगळूरला येऊन दोन वर्षं झाली, त्याला कानडी वाचता येत नाही. बोलता येतं ते 'स्वल्प जागा' आणि 'साकु' एवढंच, म्हणजे बसमध्ये शिरता येतं आणि जेवताना थांबता येतं. आल्या आल्या तो महानंदाला काकू म्हणायचा, दोन महिन्यांत अक्का म्हणायला लागला. मुलगा लाख मोलाचा. फक्त कुणाचं भलं करायचं मनात आलं की त्याला दम निघत नाही. बुधवारी रात्रीचं जेवताना त्यानं तिच्याकडून ऑपरेशनचं ऐकलं. त्याचा चेहरा उतरला. उद्या काही लागलं तर सांगा, म्हणाला आणि गेला.

गुरुवारी महानंदा पहाटे उठली, अंघोळ केली, आणि मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरली. पन्नास माणसांचा स्वयंपाक करायचा होता आणि तिला बरंच वाटलं की पन्नास माणसांचा करायचा आहे. वांगी चिरता चिरता आठ वाजले. तिनं हात धुतले, फोटोपुढे उभी राहिली, आणि काय मागायचं ते काही आठवेना, म्हणून नुसतंच चांगभलं म्हणाली. पलीकडे तानूबाईच्या भाकऱ्यांची थपथप सुरू झाली ती थांबली नाही.

बारा वाजता तिनं रस्त्याकडचं दार उघडलं. दाराजवळ देवाचं पान वाढलं. समोर झाडाच्या बुंध्याला कुणीतरी नवा पुठ्ठा लावला होता, त्याची कोरी पाठ तिच्याकडे होती, आणि तो दोरीनं बांधलेला होता. इतक्या वर्षांत एका तरी पीजीवाल्यानं ऐकलं, असं तिच्या मनात आलं, आणि तेवढ्यापुरतं तिला बरं वाटलं.

सव्वाबाराला कोपऱ्यावरच्या छापखान्यातले दोघे आले. रोजचे. झाडापाशी थांबले. मग वर दाराकडे, आतल्या फोटोकडे बघितलं, दोघांनी हात जोडले, कपाळाला लावले आणि खाली मान घालून निघून गेले.

महानंदाला काही समजेना. मग बँकेतली शलाका आली, तिच्याबरोबरच्या दोघी आल्या. त्याही झाडापाशी थांबल्या, आपसात हळू काहीतरी बोलल्या. शलाकानं डोळे मिटून हात जोडले, आणि तिघी परत फिरल्या. त्यांच्यामागून चार जण आले. तेही तसेच. एरवी जे लोक वांगी संपतील म्हणून पायऱ्यांवर ढकलाढकली करायचे, ते सगळे झाडापर्यंत येत होते, हात जोडत होते आणि जात होते. कुणी वर पाऊल टाकत नव्हतं. कुणी तिच्या नजरेला नजर देत नव्हतं.

पाऊणला रिक्षावाला रविकिरण आला. हा माणूस जेवल्याशिवाय रिक्षा हलवत नाही, आणि आज त्यानं चपला काढल्या, हात जोडले आणि चपला घालून वळला. तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. तिनं दारातून हाक मारली. रविकिरण थांबला, कसनुसं हसला, हातानंच 'राहू द्या' अशी खूण केली आणि म्हणाला, "देवरिद्दाने, अक्का." देव आहे. आणि रिक्षा सुरू करून गेला.

देव आहे, असं माणसं कधी म्हणतात? महानंदा दारात उभी होती ती खुर्चीवर बसली. सगळ्या गल्लीला कळलं आहे. आपल्याला सांगायला कुणी धजत नाही. तिनं अंजलीला फोन लावला, तो लागेना. पुन्हा लावला. आवाक्याबाहेर. बाराला ऑपरेशन संपेल असं डॉक्टर म्हणाले होते, आता एक वाजून गेला होता. पायऱ्या उतरून पुढच्या माणसाला सरळ विचारावं, असं तिला दहादा वाटलं. पण विचारलं की उत्तर येतं. जोवर विचारलं नाही तोवर मंजुनाथ आत टेबलावर होता, आणि ती पान मांडून बसली होती.

तानूबाई भाकऱ्यांच्या थप्पीआडून हे सगळं बघत होती. तिनं एकदाही देवाच्या आमंत्रणाचा विनोद केला नाही, आणि त्यानं महानंदा जास्तच घाबरली.

दीड वाजला, दोन वाजले. वांग्यांवरचं तेल थिजलं. पानावरच्या भाकरीच्या कडा वाळून वर आल्या, अगदी पहिल्या दिवशीसारख्या. बावीस वर्षांत कधी झालं नव्हतं ते आज होत होतं, आणि नेमकं आजच. तिला ज्योतिबाचा भयंकर राग आला. एवढी वर्षं तुला बसवून वाढलं, आणि एक दिवस, एकच दिवस मला तू यायला हवा होतास. ती उठून फोटोपुढे गेली ती त्याला हेच सुनवायला.

तिथे उभी राहिल्यावर मात्र तिला वेगळंच काहीतरी दिसलं. आपण पान मांडायचो ते त्याच्यासाठी की त्याची हजेरी घ्यायला? रोज आला, रोज खूण केली, आणि आपण म्हणत राहिलो, बघा माझा भरवसा. भरवशाचं काम तर आज पडलं होतं. तिला रडू आलं. पदरानं तिनं तोंड पुसलं आणि मोठ्यानं, तानूबाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, बोलली.

"हे बघ, तू आज जेव नाहीतर नको जेवू. त्यांना राख नाहीतर ने. मी उद्याही पान मांडणार. परवाही मांडणार. तुला सोडून मी जाऊ कुठं?"

पलीकडे तानूबाईनं तवा उतरवून ठेवला.

एवढं बोलल्यावर महानंदाला हलकं वाटलं. भीती गेली नव्हती, पण ती आता एकटी भीत नव्हती. तिनं पानावरची वाळलेली भाकरी काढली, ताजी वाढली, आणि परत खुर्चीवर बसली.

सव्वादोनच्या सुमारास शुभंकर धापा टाकत पायऱ्या चढून आला. ऑफिसातून अर्धी रजा टाकून आला होता, अक्का घरी एकट्या असतील म्हणून. आणि अक्का खानावळीत बसलेल्या, पन्नास माणसांचा स्वयंपाक पडलेला, दार सताड उघडं. तो दारातच थबकला.

"अक्का, तुम्ही उघडलंत? पण मी तर आज सुट्टी आहे म्हणून बोर्ड लावलाय."

"कसला बोर्ड?" महानंदा म्हणाली.

त्यानं झाडाकडे बोट दाखवलं. आणि मग एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. काल रात्री त्याच्या मनात आलं, की एवढ्या टेन्शनमध्ये अक्का कुठून खानावळ उघडणार? लोक मात्र येऊन दार वाजवणार. म्हणून सकाळी त्यानं आपल्या इमारतीच्या वॉचमनकडून पुठ्ठ्यावर कानडीत लिहून घेतलं, आणि अक्कांना खिळे आवडत नाहीत हे माहीत असल्यामुळे दोरी विकत आणून नीट बांधलं. तो धावत जाऊन पुठ्ठा सोडून घेऊन आला. काय लिहिलं आहे ते अर्थातच त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं 'आज सुट्टी' एवढंच लिहायला सांगितलं होतं. वॉचमननं सुट्टी कशाची ते विचारलं, तेही त्यानं सांगितलं, आणि मग मजकूर जरा लांब झाला होता.

महानंदानं तो मोठ्यानं मराठीत करून वाचला. "आज रजा. अण्णांचं ऑपरेशन आहे. अक्काला त्रास देऊ नका. इथूनच देवाला हात जोडा आणि जा."

मग तानूबाई हसायला लागली. ती हसते तेव्हा तिचा आवाज येत नाही, नुसतं अंग हलतं, आणि ते हलता हलता तिला परातीचा आधार घ्यावा लागला. शुभंकर बिचारा पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत होता. महानंदाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. छापखानेवाले, शलाका, तिच्या मैत्रिणी, चपला काढून उभा राहिलेला रविकिरण. दोन तास तिला वाटत होतं की देव आला नाही, आणि दोन तास अख्खी गल्ली तिच्या दारात उपाशीपोटी उभी राहून मंजुनाथसाठी हात जोडून जात होती. एकटीनं तिनं मागितलं असतं तर एवढं मागणं झालं नसतं. तिला तर सकाळी शब्दही सुचले नव्हते.

"आता सगळ्यांना बोलव," ती शुभंकरला म्हणाली. "जेवलेले नसतील."

शुभंकरनं गल्लीच्या ग्रुपवर मेसेज टाकला आणि स्वतः रस्त्यावर उभा राहून, शेजारच्या पानवाल्याला विचारून घेतलेल्या कानडीत, जेवण तयार आहे म्हणून ओरडायला लागला. ते ऐकून लोक आधी हसले आणि मग आले.

महानंदा वाढायला उठली, तर तानूबाईनं तिचा दंड धरला. महानंदाच्या पोटात काल दुपारपासून काही नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तिनं ते अगदी मोजक्या शब्दांत ऐकवलं. मग तिला देवाच्या पानाकडे ढकललं. महानंदा मागे सरली. ते पान माझं नव्हे, म्हणाली. आणि दवाखान्यातनं बातमी आल्याशिवाय मला घास उतरायचा नाही.

"बातमी त्याच्याकडं हाय," तानूबाई फोटोकडे हनुवटी करून म्हणाली. "पान तुझ्याकडं हाय. जेव."

देवावर भरवसा नसलेल्या बाईनं असं बोलावं? महानंदानं तिच्याकडे बघितलं. तानूबाई तव्याकडे बघत होती. मग महानंदा दाराजवळच्या टेबलाशी बसली. बावीस वर्षांत त्या खुर्चीवरून खानावळ कशी दिसते हे तिनं पाहिलंच नव्हतं. सरळ समोर ज्योतिबा होता. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याला लावला आणि तोंडात घातला. घास उतरला. वांगं चांगलं झालं होतं, मीठ किंचित कमी होतं. भूक इतकी लागली होती हे तिला पहिल्या घासानंतर कळलं.

लोक येत होते. आल्या आल्या तिला त्या पानावर बसलेली बघून थबकत होते, आणि काही न विचारता आपापल्या टेबलाकडे जात होते, कारण त्या पानावर कोण बसतं हे विचारायचं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. रविकिरणनं आत येताना पुन्हा एकदा हात जोडले. या वेळी फोटोला की तिला, ते समजलं नाही. शुभंकर हातात वाडगं घेऊन चटणी वाढत होता आणि प्रत्येकाला 'साकु?' विचारत होता.

दुसरी भाकरी अर्धी झाली तेव्हा फोन वाजला. तव्यावरची भाकरी तशीच फुगत राहिली.

अंजली रडत होती, पण कसलं रडणं हे आईला पहिल्या श्वासात कळलं. ऑपरेशन उशिरा सुरू झालं होतं, ती खालच्या मजल्यावर बसलेली, तिथे फोनच लागत नव्हता. गाठ निघाली. सगळं नीट झालं. गाठीचा रिपोर्ट आठ दिवसांनी येईल, पण डॉक्टर हसत बाहेर आले. बाबा शुद्धीवर आहेत, आत्ताच बोलले.

महानंदानं डोळे मिटले. तिचा उष्टा हात तसाच पानावर होता. तिनं सगळ्यांकडे बघून मान हलवली, आणि तेवढ्यावर रविकिरण चांगभलं म्हणून ओरडला, छापखानेवाल्यांनी टेबलं बडवली, शुभंकरनं चटणीचं वाडगं तानूबाईच्या पिठात ठेवलं आणि शिव्या खाल्ल्या.

"काय बोलले?" आवाज थोडा कमी झाल्यावर महानंदानं विचारलं.

"काय बोलणार? डोळे उघडले आणि पहिलं हेच विचारलं, पान कोण जेवलं?"

महानंदानं आपल्यासमोरच्या पानाकडे बघितलं. उसळ संपली होती, अर्धी भाकरी उरली होती.

"सांग त्यांना, एक बाई आली होती," ती म्हणाली. "कालपासनं उपाशी होती. दीड भाकरी खाल्ली, अजून खाती आहे."

पलीकडे अंजली बाबांच्या कानाशी बोलत असल्याचं ऐकू आलं. मग तिला मंजुनाथचा आवाज आला, लांबून, जाड झालेल्या जिभेनं काहीतरी म्हणणारा, आणि पाठोपाठ अंजलीचं हसू.

"आई, बाबा विचारतायत, त्या बाईला ताक दिलं का?"

इतकी वर्षं महानंदा स्वतः जेवायला बसली की ताक घ्यायला विसरायची, आणि मंजुनाथ न बोलता पेला तिच्याकडे सरकवायचा. आजही पानाशी पेला नव्हता. म्हणजे कोण बाई ते त्याला कळलं होतं.

"नाही दिलं," ती म्हणाली. ती हसत होती. "सांग, ताक वाढणारा माणूस रजेवर आहे. बाई म्हणती, तो आला की घेईन. मी थांबते."

मग तिनं फोन टेबलावर ठेवला, उरलेली अर्धी भाकरी संपवली, पान दुमडलं, आणि चार वाजता भेटायला जायचं म्हणून हात धुवायला उठली.